बिनटोपणाच्या बाटल्या

"बाबा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत या मशीनचं दुखणं शोधलं नाही, तर मला जावई म्हणू नका!" जावयाने छाती पुढे काढून सांगितलं.

"नाहीच म्हणणार!" सासरे म्हणाले. "गेटवर खुर्ची टाकतो. उद्यापासून तिथं बसून ट्रक मोजा!"

सासऱ्यांचा संत्र्याच्या रसाचा कारखाना. बाटल्यांना टोपण लावणारा प्रोग्रॅम जावयाचा. बाटली समोर आली की पापणी लवायच्या आत टोपण बसायला हवं. पण मधूनच प्रोग्रॅमला डुलकी लागे आणि बाटली बोडकीच पुढे जाई.

प्रोग्रॅमचा वेळ जातो कुठे? जावयाने प्रोग्रॅमच्या ओळीओळीवर पहारेकरी बसवला. कुठवर आलास, किती वाजले, सगळं लिहून ठेव! झालं! बिचारा प्रोग्रॅम हजेरी देण्यातच दमला. आता बोडक्या बाटल्यांची रांगच निघाली. जावई इरेला पेटला. त्याने पहारेकऱ्यांवर नजर ठेवायला आणखी एक प्रोग्रॅम लावला! टोपणं बाटल्यांच्या मधेच पडू लागली, बाटल्या आडव्या झाल्या आणि रस सासऱ्यांच्या नव्याकोऱ्या बुटांत शिरला. सासरे पाय आपटत बूट पुसायला निघून गेले.

"अरे, शोधतोयस की वाट लावतोयस?" बायको पॅकिंगमधून धावत आली. "काढ ते सगळं आधी!"

त्याने निमूटपणे पहारे उठवले. मशीन नीट चाललं. सासरे बूट पुसून शीतगृहात शिरले. आणि पुन्हा एक बोडकी!

"बाबा शीतगृहात गेले की असंच होतं बघ," बायको म्हणाली. "तिथं त्यांच्या मोबाइलला रेंज नसते."

जावयाने कपाळावर हात मारला. सासऱ्यांना खूश करायला त्यानेच सोय केली होती: टोपण लागलं की बाटल्यांचा आकडा त्यांच्या मोबाइलवर! आणि 'मिळाला' असं उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम हात बांधून उभा!

"मग तो आकडा बंद कर."

"वेडी आहेस का? दात घासायच्या आधी आकडा बघतात ते!"

सुट्टी तोंडावर आली होती. जावयाने गुपचूप मोबाइल मशीनपासून तोडला आणि त्यावरचा आकडा आपोआप वाढत राहील अशी व्यवस्था केली. मशीन सुतासारखं सरळ झालं!

"शोभता खरे जावई!" सासऱ्यांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. गेटवरची खुर्ची आत आली. मशीन बंद करून मंडळी जेवायला बसली. जावयाने पहिला घास घेतला, तेवढ्यात सासऱ्यांनी सवयीने मोबाइल काढला.

"जावईबापू," ते म्हणाले, "अख्खा कारखाना जेवतोय. मग टोपणं लावतंय कोण?"