चारही कोपरे लघुकोन

लहान मुलांना कोनांचे प्रकार शिकवायला एक तास पुरतो! असं मी ताईला छातीठोकपणे सांगितलं. पदार्थविज्ञानाची पदवी ताजी ताजी हातात होती. ताईच्या दोन मुलींपैकी थोरली सतत काहीतरी विचारते, म्हणून ती ‘प्रश्नपत्रिका’. धाकटी कायम तिला चिकटलेली, म्हणून ‘पुरवणी’.

“वही-पेन्सिल देऊ?” ताईने विचारलं.

“छे! कोन वहीत नसतात गं, जगात असतात!”

जग म्हणजे घराखालचा बाबांचा सुतारकामाचा कारखाना. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यानंतर बाबांनी हाती घेतलेलं हे पहिलंच काम. ज्यांनी ऑपरेशन केलं त्याच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासाठी कपाट! त्या संध्याकाळी ते बघायला येणार होत्या. आपली नजर आता कामाची राहिली की नाही, हे बाबा या कपाटावरून ठरवणार होते. तसं ते बोलले नव्हते. पण आठवडाभर दाराच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत बसायचे.

मी केकच्या खोक्याची एक बाजू कापून तिचा कोपरा मुलींना दिला.

“हा काटकोन. नव्वद अंश! कोपऱ्यावर ठेवायचा. बरोब्बर बसला तर काटकोन. पुठ्ठा बाहेर डोकावला तर लघुकोन. लाकूड डोकावलं तर विशालकोन. लघुकोन दिसला की लाल टिकली लावा!”

दहा मिनिटांत कपाटाच्या दाराला गोवर आला.

“आजोबा, तुमचं दार नापास!” पुरवणी ओरडली.

बाबांनी चष्मा पुसला. मग खिळ्यावरचा गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, काढून कोपऱ्याला लावला. “मला तर बरोबर दिसतंय.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पदवी गप्प बसू देते का!

“बाबा, तुमचा गुण्या तीस वर्षांचा. झिजला असेल. आणि दोन अंशांचा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही हो.”

‘डोळ्यांना’ म्हटल्यावर बाबांनी गुण्या खाली ठेवला. एवढंच म्हणाले, “तू शिकलेली आहेस. असेल तसं.”

मी विजयी मुद्रेने चहा करायला वर गेले. खालून करवतीचा आवाज आला. मला वाटलं, दुसरं काही काम असेल!

तेवढ्यात प्रश्नपत्रिका जिना चढून आली. “मावशी, दाराचे चारही कोपरे लघुकोन कसे गं?”

“असतात कधी कधी.”

“चारही?”

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज तीनशे साठ! चारही कोपरे नव्वदहून कमी असलेलं सपाट दार या विश्वात बनूच शकत नाही! आणि केकचं खोकं? ते वर रुंद, खाली अरुंद असतं, म्हणजे एकात एक रचता येतं. मी कापलेला त्याचा खालचा कोपरा नव्वदहून मोठाच होता! प्रयोगशाळेतला पहिलाच धडा: आधी मोजमापाचं साधन तपासा. मी साधं खोकंसुद्धा नीट बघितलं नव्हतं.

धावत खाली गेले. दाराची खालची कड तिरकी कापून झाली होती. बाबा तो तुकडा हातात घेऊन बसले होते.

“बाबा, चूक माझी आहे. पुठ्ठाच वाकडा होता.”

फळीची सरळ कड धरून त्यांनी गुण्याने एक रेघ मारली, गुण्या उलटा केला आणि त्याच जागी दुसरी मारली. रेघेवर रेघ! मग तेच माझ्या पुठ्ठ्याने केलं. दोन रेघा कात्रीसारख्या फाकल्या.

“म्हणजे मला नीट दिसतंय,” बाबा हळूच म्हणाले. मला तर त्यांच्याकडे बघवेना. सकाळी ते दार अगदी बिनचूक होतं, आणि ते मी त्यांच्याच हातांनी बिघडवलं होतं.

बाबांनी फोन लावला.

“डॉक्टरीणबाई, आज येऊ नका. कपाटाला अजून दोन दिवस लागतील... नाही हो, डोळे एकदम छान! घरात एक पदवीधर आहे.”