सपारच्या लग्नाचे बूट

बूट शिवावा तर होजागेल्दी उस्तादानं! हे मी म्हणत नाही, सगळा बाजार म्हणतो. म्हणजे आधी मीच म्हणालो होतो. पण इतक्या वेळा म्हणालो की आता बाजारही म्हणतो.

आणि का म्हणू नये? तळाला उंटाचं कातडं, वर बैलाचं, शिवण दुहेरी, दोरा मेणात घोळवलेला! बूट तयार झाला की भिजवायचा आणि ओलाच पायात चढवायचा. पायावर वाळला की तो त्या पायाचा होतो. मग मेंढीच्या शेपटीची चरबी चोळायची, बाळाला तेल लावावं तशी. असा बूट काराकुमच्या वाळवंटात बापानं झिजवावा आणि मुलानं फक्त नवा तळ ठोकून घ्यावा. तळ ठोकायला माझ्याकडेच यावं लागतं, हा भाग वेगळा.

तर माझ्या एकुलत्या एका पोराचं, सपारचं लग्न ठरलं. मी चहाखान्यात भर गर्दीत मांडी थोपटून सांगितलं, "पोराचे बूट असे शिवीन, की घोड्यानं फरफटत नेलं तरी पायातून निघायचे नाहीत!"

मी घरी पोचायच्या आधी माझं बोलणं घरी पोचलं होतं. बायको, ओगुलबिके, कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"अहो, काय बोलून आलात?"

"काय बोललो? खरं तेच बोललो!"

"नवऱ्याचे बूट नवरीनं ओढून काढायचे असतात, विसरलात? सगळ्या बायकांसमोर! नाही निघाले तर पोरीला जन्मभर टोमणे. नवऱ्याचा बूट निघेना, ही घर काय चालवणार म्हणून!"

मी गारच पडलो. हा विधी मी साफ विसरलो होतो. माझ्या लग्नात मी थोरल्या भावाचे बूट घातले होते. ओगुलबिकेनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि ते गळून पडले!

"मग आता जरा सैल शिवा."

"सैल?" मी किंचाळलो. "होजागेल्दीनं सैल बूट शिवायचा? त्यापेक्षा मी टोप्या विकीन!"

बसलो शिवायला. सपार मेंढ्या घेऊन रानात गेला होता, पण बापाला पोराच्या पायाचं माप घ्यावं लागतं का? तो लग्नाच्या आदल्या दिवशी परतला. भिजवून वाळवायला वेळ नव्हता. पण माझ्या हाताला त्याची गरजच काय! सपारनं बूट चढवले, अंगणात चार पावलं टाकली, एकदा पायाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, असे बूट अख्ख्या बाजारात मिळायचे नाहीत!"

पोराला कळतं. रक्तच माझं ना!

लग्न झालं. नव्या जोडप्यासाठी अंगणात पांढरा तंबू उभा केला होता. त्यात नवरा, नवरी आणि दोन्हीकडच्या बायका. आम्ही पुरुष बाहेर पुलावाच्या कढईभोवती. आतून बातमी आली, की नवरीनं, मायसानं, नवऱ्याच्या कमरबंदाच्या गाठी चुटकीसरशी सोडवल्या. आता बूट!

थोड्या वेळानं तंबू हलायला लागला.

"वारा सुटला वाटतं," कुणीतरी म्हणालं.

कढईखालचा धूर सरळ वर चालला होता. वारा फक्त तंबूच्या आतच सुटला होता! तेवढ्यात ओगुलबिकेनं डोकं बाहेर काढलं.

"अहो, निघत नाहीयेत!"

"ऐकलंत मंडळी?" मी उभाच राहिलो. "निघत नाहीयेत!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या घेताय? आत या आधी!"

आत गेलो तर काय! मायसा बूट ओढतेय, बुटाबरोबर सपार येतोय, सपारबरोबर गालिचा येतोय आणि गालिच्याबरोबर चहाची किटली! सपारनं तंबूच्या भिंतीची लाकडी जाळी धरली, तर जाळीही यायला लागली. मायसाच्या दातांत रुमालाचं टोक. आमच्यात नवी सून सासरच्या थोरांसमोर बोलत नाही, त्यामुळे बिचारीला "हुश्श" म्हणायचीही सोय नव्हती. तिच्या वाटचं सगळं तिची आत्या, देस्सेगुल, बोलत होती.

"मुद्दाम! आमच्या पोरीचं हसं करायला बापलेकांनी कट केलाय!"

"पोरीला सकाळी जेवायला घातलं नव्हतं का हो?" आमच्याकडची एक म्हणाली.

"आमच्या पोरी उंट आडवा पाडतात, उंट!"

"मग बूट कसा पडत नाही?"

झालं! देस्सेगुल आत्या ताडकन उठली. "सामान बांधा गं! पोरगी परत न्यायची!"

मी मायसाकडे बघितलं. तोंड मिटलेलं, डोळे भरलेले. उद्यापासून गावभर हिला नावं ठेवणार, आणि ती माझ्यापायी! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच शिवणीचा राग आला.

"बोला," ओगुलबिके म्हणाली, "बूट हवेत की सून?"

मी कमरेची रापी काढली.

"बाबा, कापू नका!" सपार ओरडला.

"गप! पाय हलवू नकोस!"

काळजावर दगड ठेवून मी शिवणीवर रापी टेकवली. दाबली. दोन्ही हातांनी दाबली. रापीची धार मुडपली, टाका जागचा हलला नाही!

"बघा! बघा!" मी नाचायचाच बाकी होतो. "रापी वाकली, पण टाका नाही! आहे कुणाची अशी शिवण?"

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. ओगुलबिकेनं माझ्याकडे असं बघितलं, की मी रापी मुकाट्यानं म्यान केली.

तेव्हा मायसानं मला हातानंच बाजूला सारलं. बाह्या सावरल्या, सपारच्या पायाशी बसली. एक हात बुटावर, दुसरा त्याच्या झग्याच्या घोळात कुठेतरी. सपारच्या तोंडून "हीऽऽ" असा काहीतरी आवाज निघाला आणि बूट तिच्या हातात! मग दुसरा! शेंगेतून दाणा निघावा तसा!

"बघितलंत?" देस्सेगुल आत्या गरजली. "आमची पोर आहे!"

"आमची सून आहे!" मी त्याहून मोठ्यानं गरजलो.

तेव्हापासून ते बूट माझ्या दुकानात दर्शनी खुंटीवर लटकतायत. गिऱ्हाईक आलं की मी मुडपलेली रापी दाखवतो, तंबू कसा हलला ते सांगतो आणि म्हणतो, "हे पायातून उतरवणारी दुनियेत एकच, माझी सून!" लांबलांबच्या गावांहून मागण्या येऊ लागल्या.

आता सुनेचं मौन सोडवायचं, तर सासऱ्यानं भेट देऊन तिला बोलायची परवानगी द्यावी लागते. मी मऊ लाल चामड्याचे सुरेख बूट शिवले आणि अख्ख्या चहाखान्याला घरी बोलावलं. सगळ्यांच्या देखत बूट तिच्या हातात ठेवले.

"बोल पोरी, आता मोकळेपणानं बोल! माझा तो बूट कसा काढलास, सांग ह्यांना!"

मायसानं रुमालाचं टोक दातांतून सोडलं. खाली मान घालून, मधासारख्या आवाजात म्हणाली,

"मामंजी, बूट चांगलेच सैल होते. तुम्ही चहाखान्यात शब्द दिला होता ना, तो पडू नये म्हणून हे आत बोटं मुडपून, पाय वाकडा करून बसले होते. मी गुडघ्यामागे गुदगुल्या केल्या."

सपारला एकाएकी घोड्याला पाणी पाजायची आठवण झाली आणि तो दिसेनासा झाला.

बापाच्या शब्दासाठी लग्नाची नवरी पणाला लावणारं पोर! माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. मी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, आवाज फार गोड आहे हो तुझा," मी म्हणालो. "पण आपल्याकडे घाई नाही. आणखी वर्षभर गप्प राहिलीस तरी चालेल!"