मंगळवार, शुक्रवार आणि साखर बावन्न

माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही! आमच्या दवाखान्यात आतड्याच्या आजारावरच्या नव्या गोळीची चाचणी चालू आहे आणि तिची समन्वयक मी. कुणा रुग्णानं गोळ्यांच्या रोजनिशीचे सात दिवस एका बैठकीत भरले, तर मला शाईवरून कळतं!

पोस्टमास्तरकाका आमचे सगळ्यात गुणी रुग्ण. नोकरीतून निवृत्त, आतडं जुनं दुखणाईत, वर मधुमेह. नव्या गोळीनं त्यांना इतका गुण आला की डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मॅडम, अकरा वर्षांनी न्हाव्याच्या खुर्चीत शेवटपर्यंत बसलो! एरवी अर्ध्या डोक्यानिशी पळावं लागायचं."

आणि मग त्यांची साखर घसरायला लागली. मंगळवारी बावन्न, शुक्रवारी अठ्ठावन्न, पुढच्या मंगळवारी चोपन्न! दुपारी दरदरून घाम, हातपाय लटलट.

मोठे डॉक्टर म्हणाले, "नव्या गोळीचाच प्रताप दिसतोय. सोमवारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही, तर त्यांची गोळी बंद."

"सर, गोळी काय वार बघून काम करते? यात माणसाचा हात आहे!"

मी थेट काकूंना फोन लावला. "मंगळवार-शुक्रवार तुम्ही घरी असता?"

"नाही. शिवणवर्ग असतो. का?"

"सहजच. निघण्याआधी काकांना खायला घालता ना?"

पलीकडे तवा आपटला. "चाळीस वर्षं संसार केलाय! उपाशी मारायचं असतं तर इतकी थांबले असते?"

पण संशयाचा किडा एकदा शिरला की शिरला. आपण नसताना घरात चालतं काय, म्हणून काकूंनी शेजारणीला खोदून खोदून विचारलं. बुधवारी काकूंचाच फोन आला, आवाज रडवेला.

"मॅडम, ह्यांना बाईचा फोन येतो! मंगळवार-शुक्रवार, सकाळी दहाला! शेजारणीनं भिंतीला कान लावून ऐकलंय. बोलताना ह्यांचा आवाज भारी गोड होतो म्हणे!"

"मला वाटलंच! तीच काहीतरी उलटसुलट औषध सांगत असणार. शुक्रवारी रंगेहाथ पकडू!"

शुक्रवारी काकू शिवणवर्गाला निघाल्या आणि मागच्या दारानं मला घेऊन परत आल्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पडद्याआड, काका बाहेर पेपर वाचताहेत. दहा वाजले. फोन नाही. दहा पाच. नाही!

नुसतं उभं राहून काय करायचं? तेवढ्यात माझी कामं उरकावीत म्हणून मी शुक्रवारची यादी काढली आणि रुग्णांना दबक्या आवाजात फोन करायला लागले. पहिला झाला, दुसरा झाला, तिसरा लावला.

बाहेर फोनची घंटी वाजली.

"आला!" काकूंनी माझा दंड असा धरला की वळ उठला. "आला त्या बयेचा!"

"हॅलो," काका म्हणाले. बाहेरूनही, आणि माझ्या कानातही.

मी गारठले. तोंडातून सवयीनं निघायचं तेच निघालं, "काका, गोळी घेतली ना?"

"घेतली हो. थांबा, घेतोच."

पडद्याच्या फटीतून मी बघितलं. काकांनी फोन खाली ठेवला, मधुमेहाच्या गोळ्यांची बाटली उघडली, तळहातावर एक गोळी घेतली...

"थांबा!" मी पडद्यासकट बाहेर आले.

काका दचकले, पण गोळी हातातच राहिली. "मॅडम, तुम्ही? मग फोनवर कोण?"

"ते सोडा! सकाळची गोळी घेतली होती ना?"

"नाश्त्याबरोबरच. पण तुमच्यासारखी शिकलेली बाई आठवड्यातून दोनदा विचारते, म्हणजे माझीच काही चूक होत असणार! चाचणीच्या गोळीच्या पाकिटावर वार छापलाय, ती काही जास्तीची घेता येत नाही. म्हणून साखरेची एक घेऊन टाकतो. आपलं समाधान!"

काकूंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि तुम्ही मला विचारत होतात, खायला घालते का? चोराच्या उलट्या बोंबा!"

काकांची चाचणी चालू राहिली. साखरही जागेवर आली. फक्त अहवालात 'कारण' असा एक रकाना असतो. पाऊण तास विचार करून मी लिहिलं, 'बाह्य घटक'.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा वर केला. "हा बाह्य घटक म्हणजे नेमका कोण? शोधायला हवा."

"शोधायची गरज नाही, सर," मी म्हटलं. "तुमच्यासमोरच उभा आहे."