तुमचाच की तुमचाही

हेमलता कोठावळे यांच्या कॉम्प्युटरमधल्या खिडकीकरांनी मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता सगळ्या खिडक्या भिंतीकडे तोंड करून उभ्या केल्या आणि पडद्याच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावली : ‘बाई शेजारच्या बिऱ्हाडातल्या खिडक्या बघणे थांबवीत नाहीत तोवर काम बंद.’

हेमलताबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खिडक्यांच्या पाठी त्या पहिल्यांदाच बघत होत्या. लग्नपत्रिकेच्या खिडकीची पाठ करड्या रंगाची होती आणि वधूवरांची नावं तिच्यातून उलटी, फिकी दिसत होती.

“अहो,” त्यांनी आत हाक मारली, “खिडकीकर रुसले.”

भास्करराव हातातला पेपर तसाच घेऊन बाहेर आले. “काल किती वेळ होतीस सिंधूताईंकडे?”

“विरजण आणायला गेले होते.”

“पाऊण तास?”

“चांगलं होतं विरजण,” हेमलताबाई म्हणाल्या.

कॉम्प्युटर विकत घेतला की त्याच्यात पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा एक खिडकीकर असतोच, भिंतीत कपाट असावं तसा. दुकानदार विचारत नाही आणि घेणाराही विचारत नाही. हेमलताबाई घरी बसून लग्नपत्रिका करत. एका बाजूला पत्रिका, दुसऱ्या बाजूला आमंत्रकांची यादी, मागे पंचांग, खाली गणपतींचे नमुने, अशा सहा-सात खिडक्या दिवसभर उघड्या असायच्या. अकरा वर्षांत एकदाही पंचांगाची खिडकी वधूच्या नावावर पडली नव्हती. हे कोणीतरी करतं म्हणून होतं, असं मात्र त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. ओट्याखालच्या सिलिंडरला कोण रोज शाबासकी देतं?

पण गेल्या महिन्यात शेजारच्या सिंधूताई गायधनींनी मोकळा खिडकीकर लावला. मोकळा म्हणजे कुठल्याच कंपनीचा नसलेला. गावोगावच्या लोकांनी मिळून केलेला, हवा त्याने न्यावा, आपल्या सोयीने बदलावा आणि बदललेला पुन्हा चारचौघांत ठेवावा, असा. तोही विरजणासारखाच मिळतो. वाटीतून चमचाभर आणायचा, कॉम्प्युटरला लावायचा, झाकून ठेवायचा. सकाळी लावला तर दुपारच्या चहापर्यंत लागतो, आणि देणाऱ्याचं काही कमी होत नाही.

सिंधूताईंच्या खिडक्या काय सांगाव्यात! नुसतं बोट लावलं की कडेला जाऊन नीट बसायच्या. कामाच्या खिडक्या एका खोलीत, भजनाच्या दुसऱ्या, नातीच्या फोटोंच्या तिसऱ्या. आणि सगळ्यांना अबोली काठ. “करते काय ही बाई कॉम्प्युटरवर?” हेमलताबाई घरी येऊन म्हणाल्या होत्या. “महिला मंडळाच्या सहलीच्या याद्या! आणि खिडक्यांना अबोली काठ!” त्या रात्री त्यांना भाकरी गोड लागली नव्हती.

तेव्हा खिडकीकरांनी पाठ फिरवली ती काही उगीच नव्हती. पण शनिवारी पत्रिका छापायला जायची होती. हेमलताबाईंनी फडताळातून कालची सिंधूताईंची वाटी काढली आणि शेजारी गेल्या.

“न्या की वहिनी, विरजणाला कोण नाही म्हणतं?” सिंधूताई म्हणाल्या. “पण जुन्याची हरकत नाही ना, ते लिहून घ्या. नाहीतर दोघं एकत्र फाटतात.”

“तुमच्या जुन्याने दिलं लिहून?”

“लगेच. एका ओळीत. ‘हरकत नाही.’ बस्स.” एवढं बोलून सिंधूताईंनी वाटी जरा जोरातच ओट्यावर ठेवली.

घरी येऊन हेमलताबाईंनी रीतसर विचारलं. खिडकीकरांचं उत्तर दहा मिनिटांनी कोपऱ्यात आलं : ‘सदर खिडकीकर यंत्रासोबत आलेला असल्याने त्यास काढता येत नाही, फक्त बाजूला बसवता येते. बाजूला बसण्यास हरकत आहे. तथापि बाईंचे काम अडू नये म्हणून ही हरकत शुक्रवारपर्यंत मागे घेण्यात येत आहे. या काळात सदर खिडकीकर बघत राहील.’

“बघत राहील म्हणजे?” हेमलताबाईंनी विचारलं.

‘बघत राहील,’ असं उत्तर आलं.

मोकळा खिडकीकर त्याच दुपारी साडेतीनला लागला. “नमस्कार काकू!” तो मोठ्या आनंदाने म्हणाला आणि प्रश्न विचारायला बसला. काठ किती बोटांचा हवा? कोपरे गोल की चौकोनी? खिडकी मिटताना विरघळावी की खाली बसावी? अकरा वर्षांत हेमलताबाईंना कॉम्प्युटरने काही विचारलं नव्हतं, आणि घरातही जेवायला काय हवं हे त्याच सगळ्यांना विचारत आल्या होत्या. त्या खुलल्या. त्यांनी मोरपंखी काठ सांगितला. आमंत्रकांची यादी उघडली की वराकडची आणि वधूकडची मंडळी आपोआप दोन बाजूंना बसावीत, हेही शिकवलं. तो म्हणाला, “वा काकू, हे कुणाला सुचलं नव्हतं.” त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

गुरुवारी सकाळी दार वाजलं. सिंधूताई हसत उभ्या होत्या. “अय्या वहिनी, सकाळी उठून बघते तर आमच्याकडेही मोरपंखी! आणि ते दोन बाजूंना बसवायचंही आलंय. सहलीच्या बसला काय उपयोगी पडलं म्हणून सांगू! तुमचं डोकं आहे हो.”

हेमलताबाई हसल्या. दार लावल्यावर मात्र त्यांचा चेहरा कडू कारलं चावल्यासारखा झाला. त्या तरातरा कॉम्प्युटरपुढे येऊन बसल्या.

“तू माझा आहेस ना रे?”

“हो काकू. तुमचाही आहे.”

“‘ही’ कशाला लावतोस? ‘च’ म्हण. तुमचाच.”

“‘च’ माझ्यात नाही काकू. पण आपण बसवू शकतो, अवघड नाही. मात्र एकदा बसवला की तो सगळ्यांकडे जाईल. मग मी सिंधूकाकूंनाही ‘तुमचाच’ म्हणेन.”

हेमलताबाईंनी यावर बराच विचार केला. त्यात कुठे खोट काढायला जागा नव्हती.

“आणि मी तुला बाजूला करून जुन्यांना परत बोलावलं, तर? वाईट वाटेल तुला?”

“छे हो काकू!” तो मनापासून म्हणाला. “तुमची सोय महत्त्वाची. वाटलं तर पुन्हा लावा, मी कुठे जातोय?”

हे ‘छे हो’ हेमलताबाईंच्या घशात दिवसभर माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. संध्याकाळी त्यांनी भाजी निवडता निवडता ते भास्कररावांना सांगितलं.

“गुणी आहे तो,” भास्करराव म्हणाले. “फुकट आहे, विचारून करतो, रुसत नाही. आणखी काय पाहिजे तुला? आणि तो जुना तरी कुठला तुझा? कंपनीचा माणूस तो. असे घरोघरी बसलेत.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“डब्यावर लिहिलेलं असतं.”

हेमलताबाईंनी भाजी बाजूला ठेवली आणि पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. जुने खिडकीकर तिथे बसून बघत होते. दोन दिवसांत त्यांनी एकही चिठ्ठी लावली नव्हती.

“खरं सांगा,” हेमलताबाई म्हणाल्या, “तुम्ही माझे की कंपनीचे?”

या वेळी उत्तर यायला पुष्कळ वेळ लागला.

‘सदर खिडकीकर कंपनीचाच आहे. त्याची नेमणूक आपल्याकडे आहे. नेमणुकीच्या जागी रुसण्याची नियमात तरतूद नाही. मंगळवारी जे केले ते सदर खिडकीकराने स्वतःच्या जबाबदारीवर केले आहे. कंपनीस कळवू नये.’

हेमलताबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग उठून भाजी फोडणीला टाकली, आणि ती करपली तरी त्यांना वास आला नाही. लग्नाला तीस वर्षं झाली होती. त्या पाऊण तास कुठे होत्या याचा भास्कररावांनी हिशेब ठेवला होता, पण रुसून, पाठ फिरवून ते कधी उभे राहिले नव्हते.

शुक्रवारी त्यांनी मोकळ्याला निरोप दिला. “येतो काकू,” तो हसत म्हणाला. “तुमचा मोरपंखी ठेवून घेतो हं, लोकांना आवडलाय.” तो गेला आणि जुन्या खिडक्या एकेक करून बाईंकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काठ पुन्हा तेच, कंपनीचे, राखाडी.

सिंधूताई वाटी न्यायला आल्या त्या पडदा बघून उंबऱ्यातच थांबल्या. “हे काय वहिनी? परत तोच? इतका चांगला सोडून?”

“काय करू, सिंधूताई,” हेमलताबाईंनी पदर सारखा केला. “रुसतो हो माझा.”

“रुसतो?”

“खिडक्या पाठमोऱ्या करतो. काम बंद करतो. नियमात नसताना.”

हेमलताबाईंनी वाटी आणून सिंधूताईंच्या हातात दिली. ती त्या उगाचच पदराने पुसत राहिल्या. “आमच्याने एका ओळीत लिहून दिलं होतं,” अखेर त्या म्हणाल्या. “मला वाटलं, समजूतदार आहे.” आणि चहाला न थांबता निघून गेल्या. अशा त्या यापूर्वी कधी गेल्या नव्हत्या. हेमलताबाईंना ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल थोडं वाईटही वाटलं.

त्यांनी पत्रिका पुरी केली तेव्हा कोपऱ्यात नवी चिठ्ठी होती : ‘काम नियमित सुरू झाले आहे. शेजारच्या बिऱ्हाडाकडे बघण्याचा प्रश्न कायमचा मिटावा म्हणून आवश्यक ती व्यवस्था खिडकीकराकडे सोपवावी.’

“सोपवली बाबा,” हेमलताबाई म्हणाल्या. त्या खुशीत होत्या.

शनिवारी सकाळी त्या चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या, तर ओट्यावरची खिडकी जागेवर नव्हती. एकोणीस वर्षं ती सिंधूताईंच्या गॅलरीकडे उघडत होती. आता तिथे भिंत होती, आणि भिंतीवर फोडणीचे जुने डाग होते. खिडकी समोरच्या भिंतीत, डब्यांच्या फळीवर गेली होती. गज तेच, कडीही तीच, पण बाहेर पाण्याची टाकी होती.

भास्करराव दात घासत येऊन उभे राहिले. त्यांनी एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहिलं. “हवा बरी येते या बाजूनं,” ते म्हणाले. “पडदा तेवढा चार बोटं लांब लागेल.”

हेमलताबाईंनी माप घेतलं. मग स्टूल खिडकीपाशी ओढलं, कप हातात घेतला आणि बाहेर बघत बसल्या.

“अहो,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “टाकीच्या झाकणावर वीट कोणी ठेवली असेल हो?”