डावीकडची काच

सुभेदार आप्पा आपल्या जुन्या फियाटमध्ये काचा वर करून बसतात आणि मला बाहेरून दारांवर पाइपनं पाणी मारायला लावतात. आत बसून ते फटीफटीला वर्तमानपत्राचा कागद लावून बघतात. कागद ओला झाला की काचेवर टकटक करून म्हणतात, "शत्रू आत आला."

मी त्यांची भाडेकरू. जतहून सांगलीला शिकायला आले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गावाकडं पाणी टँकरनं येतं, त्यामुळं पाइप धरताना जीव चुकचुकतो. पण आप्पांनी फौजेत ट्रक चालवलेले. त्यांना नाही म्हणायचं धाडस मला होत नाही.

प्रत्येक गोष्टीला त्यांचं कारण एकच. "आमची मंडळी पाण्याला लय भ्येती." मंडळी म्हणजे काकू. अंगणात बादली भरून ठेवायची नाही, मंडळी भ्येती. नळ ठिबकला तर जेवण सोडून उठायचं, मंडळी भ्येती. काकू बादली उपडी करून ठेवतात.

यंदा ऑगस्टमध्ये नदी चढू लागली. भोंग्याची गाडी दोनदा गल्लीतून फिरून गेली. मी असं पाणी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही तिघांनी कऱ्हाडला आप्पांच्या लेकीकडं निघायचं ठरलं. आप्पा म्हणाले, "आधी रबर."

डाव्या दारातल्या तिकोनी काचेचं रबर भेगाळलं होतं. नवं आणलेलं होतं, पण काच जुनी, फुटली तर दुसरी मिळणार नव्हती. "गळक्या दाराच्या गाडीत मंडळी बसायची न्हाई," आप्पा म्हणाले. म्हणजे कुणीच निघणार नव्हतं.

"आप्पा, रबरानं पूर थांबतोय व्हय?" शेजारच्या माडीवरून कुणीतरी विचारलं.

"तू तुजी म्हस बांध वर."

रबराच्या खाचेत दोरी घालावी लागते. काकूंनी परकराची नाडी काढून दिली. आप्पा बाहेरून काच दाबणार, मी आतून नाडी हळूहळू ओढणार, तसतसा रबराचा ओठ पत्र्यावर चढणार. सगळीकडं साबणाचं पाणी लावलं.

"हळू, पोरी. बाँब हाय समज."

काच करकरली. मी थांबले. गल्लीच्या तोंडाला गटारातून पाणी उलटं येऊ लागलं होतं. आप्पा तिकडं पाठ करून उभे होते.

शेवटी अख्खी नाडी माझ्या हातात आली. काच शाबूत होती.

बोचकी ठेवताना मी काकूंना म्हटलं, "आता घाबरू नका. दार गळणार नाही."

काकूंनी आप्पांकडं बघून आवाज खाली आणला. "मी कशाला भिऊ? नदीकाठचं म्हायेर माजं. म्हशीचं शेपूट धरून पवलीया मी. त्यास्नी पवता येत न्हाई. मागच्या पुरात ष्टेरिंग धरून रडत हुते. तवा मीच म्हणलं, मला भ्या वाटतंय, चला बिगीबिगी."

गल्लीच्या तोंडाशी चाकं पाण्यात शिरली आणि आप्पांनी ब्रेक दाबला. गाडी घुरघुरत उभी राहिली. मागं बसून मला त्यांची फक्त मान दिसत होती. ती घामानं भिजली होती.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "आवं, माजा जीव घाबरतोय."

आप्पा खाकरले. "मी हाय न्हवं," म्हणाले आणि गाडी पाण्यात घातली.