भोसले अण्णा आणि ताण

आमच्या नेरूळच्या सोसायटीतले भोसले अण्णा भेटल्यावर तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, गुडघ्यांकडे बघतात. "मागची शीर आखडलीया. पाय द्या इकडं," एवढंच म्हणतात आणि जिन्याच्या कठड्यावर तुमची टाच ठेवून मोकळे होतात.

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे. एका कारखान्याच्या कबड्डी संघाला त्यांनी आयुष्यभर शिकवलं. निवृत्तीनंतर संघ सुटला, सवय राहिली. गाड्या लावतात तिथे चटई पसरून दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना त्यांनी आडवं केलं. पाय सरळ वर उचलायचा आणि हळूहळू रेटायचा. "ताण द्यायचा, झटका न्हाई. श्वास सोडा." दूधवाल्याची कंबर दुखायची थांबली म्हणे.

मला मात्र हे पटेना. फुकटात कोण कुणाचा पाय धरतो? आधी वाटलं, पुढे तेल विकतील. मग वाटलं, सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतील. दोन्ही झालं नाही, तसा माझा संशय वाढला.

त्यात नवीनच भानगड. सकाळी नऊच्या आत अण्णा कुणाला दारात उभं करत नसत, आणि आतून आवाज यायचे. "हां, ओढ. अजून थोडं. बास, सोड आता." अण्णांच्या बायकोला, काकूंना, जाऊन वर्ष होत आलेलं; घरात ते एकटेच. मग हे ओढतंय कोण? सेक्रेटरी म्हणाला, "मीटिंगमध्ये विषय घेऊ. फॅमिली सोसायटी आहे, उगाच टेन्शन नको." म्हाताऱ्याची अब्रू चारचौघांत निघणार होती. आधी खात्री करावी म्हणून मीच पुढे झालो. पाणी आलं का विचारायच्या निमित्ताने कडी वाजवली आणि दार ढकललं.

अण्णा चटईवर बसलेले. पायांचे तळवे लोखंडी कपाटाला टेकवलेले. कपाटाच्या हँडलला काकूंचं हिरवं लुगडं बांधलेलं, त्याची टोकं हातात. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मला बघून ते खजील झाले. "रोज समोर ही बसायची. तळव्याला तळवे, हातात हात. ती ओढायची, मी वाकायचो. हा ताण एकट्याला घेताच येत न्हाई बघा."

मी म्हणालो, "मग आम्हाला सांगायचं की, अण्णा."

"तुमचे पाय मागायला कधी काय वाटलं न्हाई. माझे हात धरा म्हणायला लाज वाटली."

मी चप्पल काढून समोर बसलो. तळवे टेकवले, हात धरले, हळू ओढलं. अण्णा डोळे मिटून वाकले. ताण संपला, मी हात सैल केले. अण्णांनी ते तसेच धरून ठेवले, आणि मीही सोडवून घेतले नाहीत.