बहुमताने चिकटलेली माळ

लोकशाहीत असा एकही प्रश्न नाही, जो शांत चर्चेने आणि बहुमताने सुटू शकत नाही. अकोल्याच्या एका वस्तीतल्या मंडळाने १९६१च्या वैशाखात हे सिद्ध करून दाखवले. प्रश्न होता, राळेच्या बोटावर प्लॅस्टिकचे नख कशाने चिकटवायचे.

बुद्धपौर्णिमेला मंडळ अंगुलिमालाचे नाटक करणार होते. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा दरोडेखोर तथागतांच्या शब्दाने पालटतो आणि माळ टाकून देतो, एवढीच गोष्ट. अंगुलिमाल झाला होता देवराव, कचेरीतला कारकून. माळही त्यानेच करायला घेतली होती. स्वतःच्या मधल्या बोटाचा मातीत साचा काढून त्यात त्याने राळ आणि मेण वितळवून ओतले. त्यामुळे अंगुलिमालाने मारलेले सगळेच लोक कारकून निघाले. प्रत्येक बोटाला टाक धरून पडलेला घट्टा होता. नखे एका गुलाबी साबणदाणीतून कातरलेली. दोरीही प्लॅस्टिकचीच, कपडे वाळत घालायची. आता या सगळ्याने एकमेकांना धरून राहायला हवे होते.

देवरावच्या तळमळीचे कारण तेल्हाऱ्याला राहत असे. त्याचे सासरे खुशालराव नाटकाला येणार होते. त्यांची धाकटी मुलगी जमुना मॅट्रिकला बसली होती. पुढे कॉलेजसाठी तिला अकोल्याला देवरावच्या भरवशावर ठेवावे की नाही, ते याच फेरीत ठरायचे होते. देवरावची बायको शालू हिने बहिणीच्या पुस्तकांसाठी एक फळी रिकामी करून ठेवली होती. पण जावयाबद्दल खुशालरावांचे मत लग्नातच बनले होते. मांडवातली गॅसबत्ती नीट करतो म्हणून देवरावने हाती घेतली आणि पाव्हण्यांची पंगत अंधारात उठली. तेव्हापासून खुशालराव त्याला मानाने जावईबुवा म्हणत, पण काम कसलेच सांगत नसत.

सभा भरली. गोदाबाईंनी गव्हाच्या पिठाची खळ सुचवली. मोतीराम सुतारकामातल्या सरसावर अडून बसला. अध्यक्ष डोमाजींचा कौल मेळघाटच्या डिंकाला होता. तो त्यांनी खिशातून काढून सगळ्यांना चाखायलाही दिला. मग इंटर सायन्सपर्यंत शिकलेला देवराव उभा राहिला.

"प्लॅस्टिक आन् रबर हे चुलतभाऊ हायेत," तो म्हणाला. "सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावा. मानूस सुटन, बोट सुटनार नाई."

चुलतभाऊ एकमेकांना धरून राहतात, हा पुरावा वऱ्हाडात तरी कोणी मानायला नको होता. पण इंटर सायन्सपुढे बोलणार कोण? सूचना मांडली गेली, अनुमोदन मिळाले, हात वर झाले. सोल्युशन बहुमताने निवडून आले.

घरी शालूने सगळे ऐकून घेतले. "अवो, एखांद्या बोटाले लावून पायजा आधी."

"ठराव झाला ना," देवराव म्हणाला. "आता तपासून पायनं म्हंजे सभेवर अविश्वास दाखवनं व्हय."

सोल्युशनमध्ये पेट्रोलच्या जातीचे काहीतरी असते आणि त्यात राळ विरघळते, हे बहुधा इंटरच्या पुढच्या वर्षी शिकवत असावेत. माळ दुसऱ्या दिवशी चिकट होती, तिसऱ्या दिवशीही चिकटच होती. देवरावने तिच्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडली. पावडरने ती शहाण्यासारखी कोरडी दिसू लागली. शालू काही बोलली नाही, यालाच देवरावने संमती समजले.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मैदान भरले. दिवसभर तापलेली जमीन अजून वाफा सोडत होती आणि रंगमंचावर चार कोपऱ्यांना गॅसबत्त्या फुरफुरत होत्या. पुढच्या रांगेत खुशालराव, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. देवराव कमरेला घोंगडी गुंडाळून, उघड्या छातीवर माळ घालून आला आणि गरजला. लोकांना तो पसंत पडला. पहिल्या अंकात तो घामाने भिजला. पावडर वाहून गेली. दुसऱ्या अंकात बोटे मऊ पडली आणि देवरावच्या छातीवरच्या भरघोस केसांत एकेक करून रुतली.

तथागतांचे काम कोणी रंगमंचावर येऊन करू नये, असाही एक ठराव होता. म्हणून डोमाजी पडद्यामागून नुसता आवाज देत. पडद्यामागून त्यांना पुढचे काही दिसत नव्हते.

"अंगुलिमाला, टाक ती माळ," धीरगंभीर आवाज आला.

देवरावने माळ ओढली. माळेबरोबर छातीही पुढे आली. त्याने पुन्हा ओढली. दोन बोटे निघाली, आपापल्या वाट्याचे केस घेऊन. देवरावच्या डोळ्यांत पाणी तरारले.

"टाक ती माळ," आवाज म्हणाला. मग थोडे थांबून, "टाकली का?"

"टाकून राहिलो," देवराव कळवळून म्हणाला.

"मंग टाक ना बाप्पा. किती येळ लावतं?"

देवराव गुडघ्यांवर बसला. प्रत्येक हिसक्याला तो खराखुरा हुंदका देत होता. पाप सोडणे किती अवघड असते, हे लोकांनी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. गोदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेवटी मोतीरामने स्वतःच्या जबाबदारीवर पडदा पाडला आणि टाळ्या सुरू झाल्या.

खुशालराव तडक रंगमंचावर चढले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "जावईबुवा, म्या तुमाले वळखलंच नवतं," म्हणाले, आणि आयुष्यात कोणाला मिठी न मारलेल्या त्या माणसाने देवरावला उराशी घट्ट धरले. देवराव नको नको म्हणत होता. खुशालरावांना तो विनय वाटला.

नंतर त्यांना मागे सरता येईना.

शालू वाटीत सरकीचे तेल घेऊन आली आणि दोघांच्या मधल्या फटीत चिंधी घालून एकेक बोट सोडवू लागली. दोघांची तोंडे वितीवर होती. देवरावला मान खाली घालायची होती. तिथे खुशालरावांचा खांदा होता. इस्त्रीच्या सदऱ्यावर गुलाबी नखे बिल्ल्यांसारखी बसली होती.

"हे लावाचं कोनं सुचोलं?" खुशालरावांनी विचारले.

"म्याच, मामाजी."

"आन् रडत होते ते?"

देवरावला खोटे बोलता आले असते. पण इतक्या जवळून ते जमेना. "केस वढल्या जात होते."

खुशालरावांनी शालूकडे पाहिले. शालू तेलात चिंधी बुडवत राहिली.

"आधी तपासून पायलं होतं?"

"नाई."

"काहून?"

"ठराव झाला होता," देवराव म्हणाला.

सुटल्यावर खुशालरावांनी नखांसकट सदरा झटकला, शालूच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेल्हाऱ्याची गाडी धरली.

जमुना पास झाली आणि जूनमध्ये अकोल्याला कॉलेजात आली. ती मुलींच्या वसतिगृहात राहिली.